जुन्या पोर्शे ९११ एससीचा एक्झॉस्ट बदलताना हीटर काढून टाकावा का?

धंतोलीकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९८२ सालची पोर्शे ९११ एससी आहे. मामांनी आखातातली नोकरी संपवून परतताना ती सोबत आणली आणि त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. इंजिन मूळचेच, ३ लिटरचे आणि बॉशच्या के-जेट्रॉनिक या पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेचे आहे. ते अलीकडेच उघडून नीट करून घेतले असल्यामुळे त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एक्झॉस्टची. मफलर (सायलेन्सर) तळाकडून कुजलेला आहे आणि दोन्ही बाजूंच्या हीट एक्स्चेंजरांचा बाहेरचा पत्रा इतका गंजला आहे की स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तरी तो पापडासारखा तुटतो.

ज्यांनी ही गाडी खालून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. हे इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे त्यात रेडिएटर नाही, आणि म्हणून इतर गाड्यांसारखा गरम पाण्यावर चालणारा हीटरही नाही. त्याऐवजी एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याचे बंद कवच केलेले आहे; कवचासकट त्या नळ्यांनाच हीट एक्स्चेंजर म्हणतात. इंजिनच्या पंख्याची थोडी हवा त्या कवचातून जाते, तापलेल्या नळ्यांवरून गरम होते आणि दरवाज्यांखालच्या पोकळ सिलमधून पायांपाशी व पुढच्या काचेपर्यंत पोहोचते. हीटर नको असेल तेव्हा कवचापुढची झडप ती हवा बाहेर सोडून देते. थोडक्यात, या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि हीटर हे दोन वेगळे भाग नाहीतच, एकाच्या पोटात दुसरा आहे.

आता माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे साधे स्टेनलेस हेडर, म्हणजे कवच नसलेल्या नुसत्या एक्झॉस्ट नळ्या, बसवणे; ते हलके असतात, स्वस्त पडतात आणि आवाजही चांगला देतात, पण त्यांच्याबरोबर हीटर कायमचा जातो. दुसरा म्हणजे १९७४ पर्यंतच्या रचनेवर बेतलेले, कवचासह येणारे स्टेनलेस हीट एक्स्चेंजर परदेशातून मागवणे, ज्यांची किंमत आणि त्यावरचे सीमाशुल्क पाहून घरी विषय काढण्याचे धाडस अजून झालेले नाही. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे. ज्या आपल्या नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे गाडीत हीटर ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. हीटरचा लिव्हर मी आजवर ओढलेलाही नाही.

तरीही नळ्या कापण्यापूर्वी जाणकारांना विचारावेसे वाटले. हीटर काढल्याने इंजिनला जास्त थंड हवा मिळते असे काहीजण सांगतात, ते खरे आहे का? आणि काढायचाच ठरवला तर हेडर बसवण्याव्यतिरिक्त आणखी काय काय बंद करावे लागते?

---

हिंगणा रोड

धंतोलीकर साहेब,

तुमच्या प्रश्नाचा रोख थंडी आणि उकाडा यांच्यावर आहे, पण या गाडीत खरा मुद्दा हवेच्या वाटेचा आहे. हीटर म्हणजे पंख्यापासून काचेपर्यंत जाणारी एक सलग वाट आहे. तिचा मधला तुकडा काढला की दोन उघडी तोंडे शिल्लक राहतात आणि पुढचे बहुतेक त्रास त्या उघड्या तोंडांमुळे होतात.

आधी एक धोक्याची गोष्ट. कवचाचा पत्रा इतका कुजला असेल तर आतली नळी शाबूत आहे असे गृहीत धरू नका. आतल्या नळीला बारीक भोक पडले असेल, तर हीटर चालू केल्यावर एक्झॉस्टचा वायू थेट बसणाऱ्यांपर्यंत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. तुम्ही लिव्हर ओढत नाही हे खरे, पण इतक्या जुन्या झडपा पूर्ण मिटतातच असे नाही. एक्स्चेंजर उतरवल्यावर नळ्यांची बाकी तोंडे बंद करून एका तोंडातून हवा भरावी आणि कवचाच्या भोकांतून साबणाचे पाणी सोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. तोवर काचा उघड्या ठेवूनच गाडी चालवा. कुजलेल्या कवचावर ठिगळ लावून देणारा वेल्डर आपल्या एमआयडीसीत सहज मिळेल, पण तो पर्याय तुम्ही विचारातही घेतला नाही हे उत्तम केले.

आता हेडर बसवल्यावर काय काय बंद करावे लागते ते सांगतो. पंख्याच्या आवरणातून हीटरसाठी हवेची जी वाट फुटते ती त्या आवरणापाशीच पक्की झाकली पाहिजे. नळी काढून तोंड तसेच सोडले, तर सिलिंडरांवर जायची हवा तिथून फुकट निघून जाईल. तुमच्या वर्षाच्या गाडीत त्या वाटेवर विजेचा ब्लोअरही असतो. तो काढणार असाल तर त्याच्या तारांची टोके झाकून बांधून ठेवा, कारण पुढे कधी हीटर परत बसवला तर त्या लागतील.

लोक सर्वांत जास्त विसरतात ती दुसरी जागा. इंजिनच्या चारही बाजूंनी जो पत्रा असतो, तो वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना वेगळे ठेवण्यासाठी आहे. हीटरच्या नळ्या त्या पत्र्यातल्या भोकांतून खाली जातात. नळ्या काढून भोके उघडी ठेवली की हेडरवरून तापलेली हवा वर चढते, पंखा तीच ओढून घेतो आणि सिलिंडरांवर पुन्हा तीच फेकतो. मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही. अॅल्युमिनिअमचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून, खाली उष्णता सहन करणारे पॅकिंग घालून रिव्हेट मारले की काम होते.

तिसरी जागा गाडीच्या अंगातली. मागच्या चाकांच्या पुढे सिलमध्ये शिरणाऱ्या नळ्यांना घट्ट टोप्या बसवा. त्या उघड्या राहिल्या तर इंजिनचा वास, धूळ आणि गाडी उभी असताना उंदीर, तिघांनाही आत जायला सरळ रस्ता मिळतो. झडपांच्या केबल कापू नका, गुंडाळून बांधा.

इंजिन जास्त थंड राहते का, हा तुमचा मुख्य प्रश्न. तत्त्वतः हो, हीटरकडे जाणारी हवा बंद केली की तेवढी हवा सिलिंडरांच्या वाट्याला येते. पण फरक थोडा असतो, आणि या इंजिनाची बरीचशी उष्णता तेलाबरोबर वाहून जाते हे विसरून चालणार नाही. पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत जो तेलाचा कूलर आहे तो तुमच्या गाडीत वाकवलेल्या नुसत्या नळीचा असेल, तर नागपुरात पहिला पैसा तिथे घाला. त्याच्या जागी पंखा जोडलेला, पातळ पत्र्यांच्या जाळीचा मोठा कूलर बसवला तर उन्हाळ्यात तेलाचा काटा जितका खाली येईल, तितका हीटर काढून येणार नाही.

उघड्या हेडरची एक अडचण विक्रेते सांगत नाहीत. या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर आणि तेल परत नेणाऱ्या नळ्या एक्झॉस्टच्या अगदी वर असतात, आणि वय झालेल्या इंजिनात तिथून थेंब पडतच असतो. आज तो थेंब कवचाच्या पत्र्यावर पडतो. कवच गेले की तोच थेंब तापलेल्या नळीवर पडेल, धूर येईल, आणि गळती मोठी असेल तर आगीची भीतीही राहील. हेडर बसवायचे असतील तर आधी खालच्या व्हॉल्व्ह कव्हरांची गॅस्केटे आणि तेलाच्या नळ्यांचे रबरी सील बदलून घ्या. हेडरवर कापडी पट्टी गुंडाळण्याचा मोह मात्र टाळा. पावसात ती ओली राहते आणि तिच्याखाली गंज धरतो.

---

सिव्हिल लाइन्स

माझ्याकडे फोक्सवॅगन बीटल आहे आणि तिचा हीटर याच पद्धतीचा असतो. तिच्यात हीटरचे डबे काढून त्या जागी इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या साध्या नळ्या बसवतात, तशा मी बसवल्या आहेत आणि त्याची उणीव कधी भासली नाही. अर्थात माझी गाडी रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सपर्यंत जाते आणि आभाळ भरून आले की गॅरेजमध्ये परतते. तुमची गाडी पावसात बाहेर पडत असेल तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

---

रामटेककर

वरच्या शेवटच्या वाक्यातच या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. नागपुरात हीटरची गरज डिसेंबरात नसते, जुलैत असते.

२९ डिसेंबर २०१८ रोजी आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर आला होता, पण तशी सकाळ क्वचित उगवते आणि त्यासाठी स्वेटर पुरतो. पावसाळ्यातली काच ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. बाहेर पंचवीस अंशांची ओली हवा, काचेवर सतत पडणारे पाणी, आत दोन माणसे, त्यांचे श्वास आणि भिजलेले कपडे, अशी स्थिती असताना काचेचे तापमान आतल्या हवेच्या दवबिंदूखाली गेले की ती आतून धुरकटते. त्यावर दोनच उपाय आहेत. एकतर आतल्या हवेतला ओलावा कमी करायचा, म्हणजे एसी लावायचा. नाहीतर काच दवबिंदूच्या वर तापवायची, म्हणजे काचेवर गरम हवा सोडायची. ज्या गाडीत दोन्ही नाही, तिचा चालक एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडके धरून बसतो.

९११ च्या बाबतीत हे अधिक जाणवते, कारण तिची पुढची काच बरीच उभी आणि बसणाऱ्यांच्या तोंडाशी असते. शिवाय त्या काळच्या ९११ मध्ये एसीची हवा डॅशबोर्डच्या खालच्या बाजूने येते, काचेवर सोडलेली नसते. एसी लावल्यास ओलावा कमी होऊन काच स्वच्छ होते, पण त्याला वेळ लागतो. सुदैवाने या गाडीत काचेपुढच्या जाळीखाली ताजी हवा आत घेणारा एक स्वतंत्र पंखा असतो. तो हीटर काढला तरी राहतो आणि त्याची हवा काचेवर वळवता येते. ती गरम नसली तरी वाहती असल्यामुळे रिमझिम पावसात तेवढे पुरते. मुसळधार पावसात, विशेषतः संध्याकाळी समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत असताना, ते पुरत नाही.

मागच्या काचेची चिंता करू नका. तिच्यातल्या तारा विजेवर तापतात, त्यांचा एक्झॉस्टशी संबंध नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो, तुमचा एसी चालतो का? आणि पावसाळ्यात ही गाडी चिखलदऱ्याला किंवा पेंचकडे नेण्याचा विचार असतो का? चिखलदऱ्याच्या घाटात ढगच रस्त्यावर उतरतात, आणि तिथे आतून धुरकटलेली काच घेऊन वळणावर जाणे कोणालाही परवडणारे नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय हेडर घ्यावे की एक्स्चेंजर, हे ठरवता येणार नाही.

---

धंतोलीकर

रामटेककर यांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. एसीचा कॉम्प्रेसर इंजिन उघडताना काढला होता आणि तो परत बसवलेला नाही. पावसाळ्यात चिखलदरा ठरलेलाच असतो, आणि आता समृद्धी महामार्गाने मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर एका दमात जाण्याचेही मनात आहे, जिथे पाऊस लागणार नाही असे गृहीत धरता येणार नाही.

बाजारात १२ व्होल्टवर चालणारे, काचेखाली चिकटवायचे छोटे हीटर मिळतात. हेडर बसवून त्यातला एखादा लावला तर चालेल का? दुसरे असे की, परदेशातून सामान मागवण्याऐवजी हेडर नागपुरातच आर्गॉन वेल्डिंगने बनवून घ्यावेत असे मिस्त्री म्हणतो. आणि आवाज वाढला तर आरटीओची अडचण येईल का, तेही कोणी सांगावे.

---

अजनी चौक

कायद्यापुरते मी सांगतो, कारण कामानिमित्त या तरतुदी नेहमी वाचाव्या लागतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. हीटर किंवा मफलर यांची नोंद त्या प्रमाणपत्रात नसते, त्यामुळे हीटर काढल्याने या कलमाचा प्रश्न सहसा उद्भवणार नाही. सायलेन्सरची बाब वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० प्रमाणे तो असणे आणि आवाज मर्यादेत ठेवणे बंधनकारक आहे. आवाज व हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) लागते, ज्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. बुलेटच्या फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरांमुळे शहरातले वाहतूक पोलीस या बाबतीत आधीच तापलेले असतात, तेव्हा हेडर बसवले तरी मफलर पूर्ण क्षमतेचाच ठेवा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते आणि तिथे पोकळ मफलर लपत नाही.

आणखी एक बाब, जी तुमच्या निर्णयाला थेट भिडते. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम आले, त्यांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी चारचाकी वेगळ्या मालिकेत नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. तुमची गाडी २०३२ मध्ये पन्नास वर्षांची होईल. एक्झॉस्टमधला बदल आक्षेपार्ह ठरेलच असे नाही, परंतु गाडीचा कोणताही भाग कापून केलेला बदल टाळावा, असा माझा सल्ला राहील.

पीयूसीबद्दलही एक शब्द. तुमच्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल चारचाकीला इंजिन मंद चालू असताना ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. मोकळा एक्झॉस्ट बसवला की मिश्रण पातळ होण्याकडे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडण्याकडे, झुकू शकते. त्यात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असल्यामुळे ते आणखी पातळ होते, कारण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते आणि या मिश्र पेट्रोलला सुमारे साडेतेराच. त्यामुळे एक्झॉस्ट बदलल्यावर के-जेट्रॉनिकचे मिश्रण पुन्हा लावून घेतल्याशिवाय समृद्धीवर १२० च्या वेगाने गाडी नेऊ नका. त्यासाठी लागणारी ३ मिलिमीटरची लांब अॅलन की आणि वायू मोजण्याचे यंत्र दोन्ही असलेल्या माणसाकडेच जा. कानाने लावतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, कारण पातळ मिश्रणावर चालणारे इंजिन कानाला बहुधा छानच वाटते.

---

हिंगणा रोड

विजेच्या हीटरचा विचार सोडून द्या. २० अँपिअर घेणारा हीटर म्हणजे १२ व्होल्टवर २४० वॅट. जुन्या अल्टरनेटरवर, वायपर आणि हेडलाइट चालू असताना, तेवढा भार टाकूनही काचेचा वीतभर तुकडाच स्वच्छ होईल. एक्झॉस्टवर तापलेली हवा कित्येक किलोवॅट उष्णता फुकटात देते.

नागपुरात हेडर बनवण्याबद्दल माझे मत अनुकूल आहे, पण अटींवर. ही नळी वाकवणे अवघड नाही, अवघड आहे ते तिचे तापणे. या इंजिनात सिलिंडरांचे अंतर ११८ मिलिमीटर असते, म्हणजे एका बाजूच्या पहिल्या आणि तिसऱ्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये (धूर बाहेर पडणाऱ्या तोंडांमध्ये) २३६ मिलिमीटर. ३०४ दर्जाचे स्टेनलेस ५०० अंशांनी तापले की तेवढ्या लांबीत २ मिलिमीटर वाढते. साधे पोलाद त्याहून कमी वाढते. तिन्ही फ्लँज (नळीच्या टोकाच्या, इंजिनला आवळायच्या चकत्या) एका पट्टीवर घट्ट वेल्ड केले तर ही वाढ स्टडांवर, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये रोवलेल्या बोल्टांवर, येते आणि काही महिन्यांत एकतर वेल्ड फुटतो किंवा गॅस्केट फुंकते. म्हणून तीन फ्लँज सुटे ठेवावेत, नळ्यांना पुरेसा बाक द्यावा, आणि तिन्ही नळ्या एकत्र येतात तिथे एकात एक सरकणारा जोड असावा. फ्लँज १० मिलिमीटरपेक्षा पातळ नको. वेल्डिंग करताना तुकडे जुन्या सिलिंडर हेडवर किंवा तशाच जाड जिगवर (भाग जागीच धरून ठेवणाऱ्या साच्यावर) बोल्टने आवळलेले असावेत आणि नळीच्या आतूनही आर्गॉन सोडलेला असावा, नाहीतर आतल्या बाजूला वेल्ड काळा आणि खडबडीत होतो. तुमचा मिस्त्री हे ऐकून मान डोलावत असेल तर त्याला काम द्या. “इतके काही लागत नाही साहेब” म्हणाला तर देऊ नका.

तथापि, तुमची पावसाळी चिखलदऱ्याची सवय आणि काढलेला कॉम्प्रेसर पाहता माझा कौल कवचासह येणाऱ्या स्टेनलेस एक्स्चेंजरांकडे आहे, आणि तो केवळ काचेसाठी नाही. तुमच्या गाडीच्या मूळ रचनेत डाव्या बाजूचा एक्झॉस्ट इंजिनाखालून उजवीकडे जातो आणि तिथून पुढे मफलरमध्ये शिरतो. १९७४ पर्यंतच्या रचनेत दोन्ही बाजू सरळ मफलरमध्ये जातात आणि नळ्याही मोकळ्या असतात. म्हणजे जी मोकळीक मिळावी म्हणून तुम्ही हेडर घेणार, तिचा मोठा भाग त्या एक्स्चेंजरांतही मिळतो आणि हीटर शाबूत राहतो. फक्त हे ध्यानात ठेवा की त्यांच्यासाठी उजव्या बाजूच्या तेलाच्या नळ्यांचा मार्ग बदलावा लागतो आणि मफलरही दोन तोंडे आत व एक बाहेर अशा जुन्या पद्धतीचा लागतो. विक्रेता एक्स्चेंजरांची किंमत सांगतो तेव्हा या दोन गोष्टी तो धरत नाही, त्या तुम्हीच हिशेबात धरा. हा खर्च यंदा झेपत नसेल तर हेडर बनवा, वर सांगितलेल्या तिन्ही जागा झाका आणि कॉम्प्रेसर पावसाळ्यापूर्वी परत चढवा. काहीही कापलेले नसेल तर पुढच्या वर्षी मार्ग बदलता येतो.

कोणताही मार्ग घेतलात तरी पहिले संकट एकच आहे, ते म्हणजे एक्स्चेंजर हेडला धरून ठेवणारे, चाळीस वर्षे न हललेले नट. काही नट बाहेरून स्पॅनरने धरता येतात, पण काही दंडगोल आकाराचे, आतून ८ मिलिमीटरची अॅलन की लागणारे असतात आणि त्यांच्यापर्यंत लांब दांड्यानेच पोहोचता येते. त्यांची खोबण तारेच्या ब्रशने आणि टोचणीने तळापर्यंत साफ करा, अॅलन की हातोड्याने ठोकून पूर्ण आत बसवा आणि मगच ताकद लावा. खोबण एकदा गोल झाली की खेळ संपला. आधी काही रात्री गंज सोडवणारे तेल सोडत राहा. तरीही नट हलला नाही तर गॅसने फक्त नट लाल करा, स्टड नव्हे, आणि शेजारच्या तेलाच्या नळ्या ओल्या कापडाने झाकून अग्निशामक हाताशी ठेवा. स्टड तुटला तर तो अॅल्युमिनिअमच्या हेडमधून हाताच्या ड्रिलने काढायला जाऊ नका. ड्रिल मऊ धातूकडे घसरतो आणि दोनशे रुपयांच्या स्टडपायी हेड लेथवर न्यावे लागते. ड्रिल सरळ ठेवणारी जिग फ्लँजवर बसवूनच ते काम करावे, आणि नवे नट तांब्याचा मुलामा दिलेले घ्यावेत.

उतरवलेले एक्स्चेंजर कबाडीवाल्याला देऊ नका. अजनी चौक यांनी सांगितलेले २०३२ लक्षात घेता ते घासून, तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा. बाहेरचे कवच नव्याने घडवता येते, आतल्या नळ्या आणि फ्लँज शाबूत असतील तर.